बाटलीतले ९२ युनिट

इन्सुलिनच्या प्रत्येक नव्या बाटलीच्या खोक्यावर मी बॉलपेननं तारीख घालते. उघडलेली बाटली चार आठवड्यांच्या वर वापरू नये म्हणतात, म्हणून. शिवाय बत्तीस वर्षं बँकेत काढली की तारीख घातल्याशिवाय हाताला चैन पडत नाही, हेही आहेच. तर मार्चच्या चौदा तारखेला संध्याकाळी फ्रिजच्या दारातून कोथिंबिरीची चटणी काढताना ते खोकं हाताला लागलं. वर माझ्याच अक्षरात ‘१ मार्च’. आत बाटली, आणि बाटलीत इन्सुलिन.

असायला नको होतं.

हिशेब सरळ आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारी बाटली १० एमएलची, एका एमएलमध्ये ४० युनिट, म्हणजे बाटलीत ४००. लाल टोपणाची सिरींज याच बाटलीसाठी असते. आईला सकाळी २२ आणि रात्री १८, दिवसाचे ४०. पहिल्या तारखेला सकाळी उघडलेली बाटली दहा तारखेच्या रात्री संपायला हवी. मी ती ट्यूबलाइटसमोर धरली, तर तळाशी जवळजवळ चौथा हिस्सा शिल्लक होता. मग किराण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला मांडलं: १४ सकाळी गुणिले २२, झाले ३०८. ४०० मधून गेले, उरले ९२. ब्याण्णव युनिट म्हणजे सव्वादोन एमएलच्या किंचित वर, आणि डोळ्यांना दिसत होतं ते अगदी तेवढंच. म्हणजे चौदाच्या चौदा सकाळी चोख होत्या. रात्र एकही नव्हती.

आणि टीव्हीखालच्या डायरीत मात्र प्रत्येक रात्रीपुढे ‘१८’ आणि एक सुबक बरोबरची खूण.

बँकेत कॅश कमी भरली की माणूस घाबरतो. जास्त भरली की मात्र खरं पोटात गोळा येतो, कारण तूट भरून देता येते, जादा निघालेले पैसे कुणाचे ते सांगता येत नाही. मला तसंच काहीसं झालं.

आई चौऱ्याहत्तरची. तीस वर्षं इंदूरच्या मराठी शाळेत भूगोल शिकवला तिनं. आजही लोकमान्यनगरातून राजवाड्याकडे जाताना कुणी ना कुणी टक्कल पडलेला विद्यार्थी स्कूटर थांबवून पाया पडतो. शुगर सोळा वर्षांपासून, इन्सुलिन दोन वर्षांपासून. सुईला घाबरणारी बाई नाही. स्वतः भरते, स्वतः घेते, वापरलेल्या सुया जुन्या शॅम्पूच्या बाटलीत साठवते. उलट आमच्या घरात इंजेक्शनच्या नावानं मीच तोंड फिरवते.

“आई, रात्रीचं घेतेस न तू?”

“घेते न.”

“मग बाटली कशी उरली?”

तिनं चष्म्यावरून पाहिलं. मुलं कॉपी करताना पकडली जावीत तसं नाही; परीक्षकच दुसऱ्या शाळेचा आला की पाहतात तसं. “तू आता माझी तपासणी करून राहिली आहेस का?” म्हणाली, आणि त्या रात्री बोललीच नाही. मीही बोलले नाही. आमच्या घराण्यात अबोला हा संवादाचा मान्यताप्राप्त प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना, मान वर न करता, तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली.

नोव्हेंबरच्या शेवटी देवासला माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो, ती गुडघ्यांमुळे थांबली. एकच रात्र होती. मी कुकर लावून ठेवला होता, फक्त भाजी करायची होती. पण एकट्या बाईच्या रात्रीच्या जेवणाबद्दल कुणाला काय सांगायचं! एकटीसाठी कुठं गॅस पेटवायचा, असं म्हणत तिनं अर्धा पेला दूध आणि दोन टोस्ट खाल्ले. इन्सुलिन मात्र नेमानं घेतलं, तेव्हाच्या हिशेबानं १४ युनिट. ते घ्यायचं चुकवलं नाही, कारण तेव्हा ती खरंच काटेकोर होती.

आता हे जे दुधट रंगाचं मिश्रण असतं, तळहातांमध्ये घोळवून भरायचं, त्यात दोन इन्सुलिनं असतात: थोडं लवकर चढणारं आणि जास्त हळू चढणारं. लवकरचं समोरच्या ताटासाठी. हळूचं मध्यरात्रीच्या पुढे जोर धरतं. १४ हा आकडा वरण-भात, पोळी, भाजी यांच्या जेवणाचा होता. अर्धा पेला दूध आणि दोन टोस्ट पोटात आहेत, घरात बाई एकटी आहे, हे बाटलीला कसं कळणार?

तीन-सव्वातीनला तिला जाग आली ती घामानं. उशी ओली, गाऊन ओला, छातीत धडधड. उठली तर पाय आपले वाटेनात. तिला कळलं हो काय होतंय ते, तिला सगळं माहीत असतं. शुगर मोजायचं मशीन उघडलं, पण हात इतके थरथरत होते की पट्ट्यांच्या डबीचं झाकण निघेना. तशीच भिंत धरत स्वयंपाकघरात गेली, साखरेचा डबा खाली ओढला आणि जमिनीवर बसून मुठीनं साखर खाल्ली. शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. हे कागदावरचं. पहाटे तीनला फरशीवर बसलेल्या म्हातारीला चमचे मोजत बसता येत नाहीत. ती म्हणाली, “मी उजाडेपर्यंत तिथंच बसली. उठायची हिंमतच झाली नाही. एकच मनात येत होतं, तुम्ही आल्यावर दार कोण उघडेल.”

हे ऐकताना मला आठवल्या त्या मुंग्या.

लग्नाहून परतलो त्या दुपारी स्वयंपाकघरात ओट्याखाली मुंग्यांची रांग लागली होती. फरशीच्या सांध्यात साखर अडकलेली. आणि मी, हातात लग्नातला लाडूचा पुडा, घरात शिरल्या शिरल्या तिला म्हणाले होते, “आई, साखर किती सांडतेस, जरा बघत जा न.” ती म्हणाली होती, “हो, हात थरथरला.” एवढंच. तिनं खरं तेच सांगितलं होतं. मी झाडू आणायला गेले.

त्या दिवसापासून तिनं रात्रीचं बंद केलं. आणि हे काही अडाणीपणानं नाही. तिनं पुढचे पंधरा दिवस सकाळी उठून मशीनवर मोजून पाहिलं होतं: २४०, २६२, २३५. तिला आकडे पाठ होते. तिचा निष्कर्ष होता, “अडीचशेला मला काही होत नाही ग. पन्नासला मरतं माणूस.” आजच्या रात्रीपुरतं हे वाक्य चूकही नाही. वाढलेली शुगर किडनी, डोळे, पायाच्या नसा वर्षानुवर्षं कुरतडते, पण रात्री तीनला उठवत नाही. घसरलेली उठवते. कुणी सांगावं, मी असते तर मी तरी काय केलं असतं.

मग डायरी का खोटी लिहिलीस, असं विचारल्यावर मात्र ती थोडी हसली. “खरं लिहिलं असतं तर तू देवासला गेलीस म्हणून रडत बसली असतीस, आणि डॉक्टर ओरडले असते.” दोन्ही अंदाज बरोबर. आकडे तिनं फार निगुतीनं रचले होते. ११८, १३१, १२६, १४२. शून्य आणि पाचावर संपणारा एकही नाही, आणि मधूनच एखादा १६८ टाकलेला. तीस वर्षं पेपर तपासलेत. नक्कल कशानं उघडी पडते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

उघडी पडली ती तीन महिन्यांच्या शुगरमुळे, म्हणजे एचबीएवनसी, मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी. लग्नाच्या आधी ती ७.८ होती, फेब्रुवारीत आली ९.४. हा आकडा सरासरी साखरेत बदलायचं एक सूत्र आहे: २८.७ नं गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ९.४ ची सरासरी येते २२३. आईच्या डायरीची सरासरी १३० च्या आसपास, जी खरी असती तर रिपोर्टात साधारण ६.२ दिसले असते. हे गणित मी मार्चमध्ये केलं. फेब्रुवारीत तेव्हाच्या डॉक्टरांनी ते केलं नाही. त्यांनी रिपोर्ट पाहिला, डायरीची पानं सरसर उलटली, आणि रात्रीचे १४ चे १८ केले. बाहेर चाळीस पेशंट होते, मीही घड्याळ पाहत होते. एकट्या त्यांना काय बोलायचं. पण विचार करा, जे १४ तिला फरशीवर बसवून गेले होते, त्याचे कागदावर १८ झाले होते. तिनं ऐकलं असतं तर? घरातल्या सगळ्यात बेशिस्त वागण्यानं तिला त्या महिनाभर वाचवलं, ही गोष्ट माझ्यासारख्या व्हाउचरवाल्या बाईच्या घशाखाली उतरायला वेळ लागला.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर गेला. त्यातल्या इन्सुलिनवाल्यांपैकी किती घरांत टीव्हीखाली अशा डायऱ्या असतील, मला आता वाटत राहतं.

त्यानंतर मी जरा कान उघडे ठेवले. इंदूरमध्ये पोह्यांवर शेव किती घालायची यावर जितकं बोललं जातं तितकंच शुगरवर बोललं जातं, फक्त इन्सुलिनचा विषय निघाला की आवाज खाली येतो. आमची रतलामची आत्या अखेरपर्यंत इंजेक्शन नको म्हणत होती, कारण तिच्या जावेनं इन्सुलिन सुरू केलं आणि आठ महिन्यांत पाय गेला. इन्सुलिननं पाय गेला असं अख्खं रतलाम मानतं. खरं म्हणजे बारा वर्षं टाळत टाळत, पायाची जखम चिघळल्यावर इंजेक्शन सुरू झालं होतं. उशिरा आलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर घर जळाल्याचा आळ. पण हा आळ नुसता अडाण्यांनी घेतलेला नाही. “गोळ्या नीट घेतल्या नाहीत न, तर मग इंजेक्शन लावावं लागेल,” हे वाक्य आपण किती दवाखान्यांत ऐकलंय? दहा वर्षं जी गोष्ट शिक्षा म्हणून दाखवली, ती अकराव्या वर्षी औषध म्हणून हातात दिली तर घेणारा तिच्याकडे शिक्षा म्हणूनच बघणार. १९९८ मध्ये निकाल लागलेला एक मोठा ब्रिटिश अभ्यास आहे, त्यातून दिसलं की निदान होतं त्याच दिवशी स्वादुपिंडाची इन्सुलिन करण्याची ताकद निम्म्यावर आलेली असते आणि पुढे उतरतच जाते, गोळ्या कितीही शहाण्यासारख्या घ्या. यात पेशंटचा गुन्हा कुठला?

आईला दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षावाल्या भैयांचं आणखी निराळं. त्यांच्याकडे फ्रिज नाही. मे महिन्यात बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्याजवळच्या मातीच्या कुंडीत ठेवतात. त्याची त्यांना अडचण नाही, आणि त्या कुंडीत खरंच बऱ्यापैकी गारवा राहतो. अडचण ही की इंजेक्शन घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायला हवं, आणि त्या अर्ध्या तासात विजयनगरची सवारी मिळाली तर? “रिक्षा चलाते-चलाते लो हो गई तो मेरे साथ तीन सवारी और जाएगी,” असं ते म्हणाले. म्हणून भाडं जोरात असलेल्या दिवशी ते घेतच नाहीत. नात्यातली एक तेवीस वर्षांची मुलगी आहे, तिला लहानपणापासूनचा, टाइप वन, ज्यात अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तिला चुकवण्याची सोयच नाही. एक-दोन दिवस इन्सुलिन नसेल तर थेट हॉस्पिटल. पण मुलाकडचे बघायला आले त्या दिवशी तिच्या आईनं इन्सुलिनचं पेन कपाटात कुलूपबंद केलं होतं, आणि मुलीनं बाथरूममध्ये जाऊन जुन्या सिरींजनं घेतलं. यावर मला काही म्हणायचं नाही.

घेणारेही आहेत हो. रामबागेत आईच्या मैत्रिणीचे यजमान, मिलमध्ये टाइमकीपर होते, ते अठरा वर्षं घेताहेत आणि त्यांची तीन महिन्यांची शुगर सातच्या आगेमागे असते. मी मुद्दाम संध्याकाळी जाऊन बसले, म्हटलं बघू तरी यांचं काय गुपित. गुपित काही नव्हतं. काका ओट्यावर बसले होते, गल्लीतली पोरं क्रिकेट खेळत होती. काकू आतून म्हणाल्या, “ताट करायला घेऊ का?” काकांनी बनियन वर केला, पोटाला सुई लावली, दहापर्यंत मोजलं, बनियन खाली. एका पोरानं चेंडू मागितला तो दुसऱ्या हातानं फेकला. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट आलं. बास. मध्ये कुणी कुणाला ‘घेतलंत का?’ विचारलं नाही. रविवारी जलेबी खातात, डॉक्टरांना सांगून खातात, त्या दिवशी किती वाढवायचं ते डॉक्टरांनीच लिहून दिलंय. एकादशीला मात्र काकूंचं चालत नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर शुगर तीनशेला टेकते आणि विठ्ठलाला बोल लागतो.

घरी येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. मी आईला दोन वर्षांत सातशेच्या वर वेळा विचारलं असेल, “घेतलंस का?” ‘ताट करायला घेऊ का’ एकदाही नाही, कारण ती आधी जेवायची, साडेसातला, आम्ही नऊला. तिचं ताट तीच वाढून घ्यायची.

नवे डॉक्टर आम्हाला बहिणीनं सुचवले. त्यांनी डायरी पाहिली, रिपोर्ट पाहिला, आणि आईकडे वळून, अगदी आदबीनं म्हणाले, “माताजी, आपकी डायरी और आपकी रिपोर्ट की आपस में बनती नहीं है.” मग ओरडण्याऐवजी विचारलं, “रात को कभी पसीना आया?” साडेतीन महिन्यांत तिला हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस. आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि जे मला मेथी निवडताना सांगितलं होतं ते सगळं इंदुरी हिंदीत त्यांना सांगितलं, मुंग्यांसकट. मुंग्या मी सांगितल्या नव्हत्या; म्हणजे तिच्याही लक्षात राहिल्या होत्या.

त्यांनी पोट तपासलं. बेंबीच्या उजवीकडे, जिथं दोन वर्षं रोज टोचत होती, तिथं त्वचेखाली लिंबाएवढी मऊ गाठ. “इथं दुखत नाही म्हणून इथंच घेते,” आई म्हणाली. दुखत नाही कारण ती जागा चरबीनं गादीसारखी झालेली. तिथून इन्सुलिन कधी अर्धंच चढतं, कधी एकदम. जागा रोज बदलायची, दोन बोटं सरकवत, हे आम्हाला दोन वर्षांत कुणी सांगितलं असेलही. मला आठवत नाही, आणि डोळे मिटून घेणारी तर मीच. सुया बदलायच्याही राहिल्या होत्या; एक सुई आठवडाभर वापरून आम्ही चार पैसे वाचवत होतो.

डॉक्टरांनी १८ खोडलं, १४ ही नाही, नव्या जागी १० पासून सुरू करा म्हणाले, आणि काही रात्री तीनला मोजा.

घरी येऊन आई म्हणाली, इन्सुलिनचा शोध लागला तेव्हाचं वाचलंय मी. टोरंटोला १४ वर्षांचा एक मुलगा होता, लिओनार्ड थॉम्पसन, हाडांचा सापळा. ११ जानेवारी १९२२ ला पहिलं इंजेक्शन दिलं ते लागू पडलं नाही, वर अंगावर रिअॅक्शन. तर त्यांनी त्या पोराला रागावलं का? कॉलिप म्हणून एक होता, त्यानं औषधच पुन्हा शुद्ध केलं, आणि २३ तारखेला परत दिलं. मग उतरली त्याची साखर. भूगोलाच्या बाईंनी हे सांगताना माझ्याकडे असं काही पाहिलं की मी उठून चहा टाकला.

मी तिच्या खोलीत गादी टाकली. तीनचा गजर लावून. पहिल्या रात्री तिनं १० भरलं, मला सिरींज उजेडात धरून दाखवली, “दहाच आहेत न?” बोट टोचताना मीच डोळे मिटले, तिनं माझा हात धरून पट्टी लावून घेतली. १९१. दुसऱ्या रात्री १७४. उशाशी स्टीलची छोटी डबी, तीन चमचे साखर मोजून घातलेली. चौथ्या रात्री १४६, ती गजराच्या आधीच जागी होती, अंधारात बसलेली. म्हणाली घाम येतो का ते बघत होते. नाही आला. सातव्या रात्री गजर झाला तर ती गाढ झोपलेली, बोट टोचलं तरी नुसतं “हूं” म्हणाली. १३८. मी डायरीत लिहिलं, तिच्या सुबक बरोबरच्या खुणांच्या खाली, माझ्या बँकेच्या गिचमिड अक्षरात.

दहाव्या दिवशी साडेसातला मी पोळ्या लाटत असताना बाहेरून विचारलं, “आई, ताट करायला घेऊ का?”

“घे,” ती म्हणाली. “आणि ती गादी उचल आज माझ्या खोलीतून. तू घोरतेस.”